फायनल फँटसीला आता नवे संगीतकार हवेत का?

काळी_चार:
फायनल फँटसी या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत पहिल्या भागापासून (१९८७) नवव्यापर्यंत (२०००) संगीत नोबुओ उएमात्सुंचं. दहाव्यात हामाउझु आणि नाकानो जोडीला आले. पुढे बाराव्यात मुख्यतः साकिमोतो, तेराव्यात हामाउझु, पंधराव्यात योको शिमोमुरा, सोळाव्यात मासायोशी सोकेन. म्हणजे माणसं बदलतच आलीत. तरी जुन्या चाली सहज गुणगुणता येतात, नव्या भागांचं वातावरण तेवढं आठवतं. आणखी नवी माणसं आणून हे सुधारेल का? जाणकारांनी नेमकं सांगा.

नादखुळा:
आधी यंत्र बघा. पहिले भाग ज्यावर आले त्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम यंत्रामध्ये सुरांसाठी जेमतेम तीन वाहिन्या होत्या, म्हणजे एका वेळी तीनच सूर: दोन पल्स आणि एक त्रिकोणी, अशा साध्या आकाराच्या ध्वनिलहरी. त्याच्या पुढच्या सुपर फॅमिकॉमवर आठ झाल्या, पण ध्वनीची मेमरी फक्त ६४ केबी. वाद्यांचे नमुने, स्वरांचा डेटा, ड्रायव्हर (संगीत वाजवणारा प्रोग्रॅम) आणि एको (प्रतिध्वनी), सगळं त्यातच बसवायचं. एकोचा उशीर १६ मिलिसेकंदांनी वाढवला की २ केबी गेले. ८० मिलिसेकंदांचा एको हवा असेल तर १० केबी, म्हणजे एखादं वाद्य गाळायचं. वाद्यवृंदाचा भरणा करायला जागाच नाही, त्यामुळे सगळा भार चालीवर.

प्रिल्यूड, म्हणजे मालिकेची ओळख बनलेली धून, तीच घ्या. सी म्हणजे सा धरा. सा रे ग प हे चार सूर चार सप्तकं चढत जातात आणि त्याच वाटेने उतरतात. मग तसंच ध नी सा ग. पहिल्या भागात एवढंच आहे, वरची संथ चाल चौथ्या भागात (१९९१) जोडली गेली. इतकं कमी असूनही दोन सेकंदांत ओळखू येतं. हे कसब नव्या माणसाकडेही असू शकतं, पण आज मेमरी त्याला ते करायला भाग पाडत नाही.

रात्रपाळी:
मेमरीपेक्षा मोठं कारण मला दुसरं वाटतं. पूर्वी लढाई लागली की पडदा बदलायचा आणि संगीत पहिल्या मात्रेपासून सुरू व्हायचं. तीच सुरुवात शेकडो वेळा कानावर पडली की पाठ होणारच. आता लढाई चालता चालता सुरू होते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांचं आवर्तन २ सेकंदांचं. बदल समेवरच करायचा म्हटला तर शत्रू अंगावर आला तरी जवळजवळ २ सेकंद शांत संगीत वाजत राहू शकतं. कुठल्याही मात्रेवर बदलायची मुभा दिली तर अर्ध्या सेकंदात काम होतं, पण चाल मध्येच तुटते. मग लिहिणारा चालच टाळतो आणि कुठेही कापता येईल असा ठेका देतो. तिथे घोडं अडतं.

काळी_चार:
म्हणजे दोष संगीतकाराचा नाही? मग मार्ग काय?

रात्रपाळी:
सातव्या भागाच्या रीमेकमध्ये, म्हणजे नव्याने बनवलेल्या आवृत्तीत (२०२०), तो दिसतो. एका ठिकाणची चाल तीच, तिची शांत आणि लढाईची अशी दोन रूपं. दोन्हींची लय आणि लांबी एक ठेवायची, दोन्ही एकदम सुरू करून पुन्हा पुन्हा फिरवायची आणि फक्त आवाजाची पातळी बदलायची. चाल तुटत नाही. एका रूपात एक आवर्तन जरी जास्त झालं तरी दुसऱ्या फेरीपासून दोन्ही एकमेकांवर आदळतात. फाइल एमपीथ्री नको, तिच्या टोकांना रिकामी जागा येते आणि सांधा ऐकू येतो. शेवटच्या सुराची घुमही कापायची नाही, ती पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर चढवायची.

नादखुळा:
हे पटलं. म्हणूनच चौदाव्यात सोकेन संगीतकारही आहेत आणि ध्वनिदिग्दर्शकही, हे मला फार मोलाचं वाटतं. चाल लिहिणारा आणि ती खेळात कुठे वळणार हे ठरवणारा एकच. नवे संगीतकार जरूर आणा, पण त्यांना पूर्ण झालेल्या दृश्यांवर संगीत चढवायला बसवू नका, लढाईचा आराखडा ठरतो तेव्हाच खोलीत घ्या. आणि लढाई जिंकल्यावर वाजणारी विजयाची धून मात्र कुणीही बदलू नये. रीमेकमध्ये बॅरेट हे पात्र ती लढाईनंतर तोंडाने गातो, वाद्य एकही नाही, तरी लगेच कळतं.