मदत हवी आहे: पापलेटऐवजी 'वाइल्ड कॉट' कॉड ठेवावा का?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत माझी छोटी खानावळ आहे. मटण रोज, मासे बुधवार-शुक्रवार-रविवार. मासळी रत्नागिरीहून आंबा घाटातनं रात्रीच्या टेम्पोनं येते, पहाटे बर्फाची खोकी मीच उघडते.

गेल्या बुधवारी पापलेट साफ करताना हात थांबला. सगळी तळहातात मावतील एवढीच. लेकाच्या कंपासमधली पट्टी लावली, अकरा सेंटिमीटर. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली, त्यात पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासाही केलं. ही पिल्लं ताटात वाढून पैसे घेणं मला जमणार नाही. व्यापाऱ्याला बोलले तर म्हणतो, "जाळ्यात जे घावतंय तेच येणार, वहिनी."

आता एका पुरवठादारानं गोठवलेला कॉड (थंड समुद्रातला परदेशी मासा) दाखवलाय. काटे नाहीत, तळायला सोपा, पाकिटावर 'वाइल्ड कॉट'. तळ्यात पाळलेला नाही, खुल्या समुद्रातला, म्हणून चांगला असं तो सांगतो. मला पटेना. जाळं ते जाळंच की! पाकिटावर काय बघू, त्याला काय विचारू? कुणाला माहीत असेल तर सांगा.

प्रतिसाद (मत्स्यशास्त्र शिकलोय, रत्नागिरी)

ताई, शंका रास्त आहे. 'वाइल्ड कॉट' म्हणजे पाळलेला नाही, एवढंच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉडही खुल्या समुद्रातलाच होता. जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटींनी, म्हणजे ट्रॉलरनी, अंडी घालायला जमलेले थवेच्या थवे उपसले. १९९२ मध्ये कॅनडाला ती मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम गेलं. बंदी उठली २०२४ मध्ये, तीही थोड्या कोट्यापुरती.

मासा कुठल्या समुद्रात पकडला ते सांगणारा क्षेत्राचा आकडा पाकिटावर शोधा. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक. पण बॅरंट्स समुद्र आणि उत्तर समुद्र दोन्ही त्यातच येतात आणि दोन्हींकडच्या कॉडची अवस्था सारखी नाही, म्हणून उपक्षेत्रही विचारा. मग साधन, म्हणजे मासा कशानं पकडला ते. तळाचं ट्रॉल, म्हणजे बोटीमागं ओढलं जाणारं जाळं, समुद्राचा तळ खरवडत जातं, वाटेत येईल ते भरतं. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या जाळ्यात, बहुतेक आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या) मापाचा मासा अडकतो, पण तुटून समुद्रात राहिलेलं जाळं पुढेही मासे मारत राहतं. लांब दोरीच्या गळांनी तळाची नासाडी त्या मानानं कमी.

तुमच्या पापलेटचं कारणही आसातच आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला आपल्याकडे ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सक्तीचा आहे. बारीक आस लावला की पिल्लांना सुटायला वाटच उरत नाही. त्या पिशवीला इंग्रजीत 'कॉड एंड' म्हणतात, कॉड माशाशी तिचा संबंध नाही. माझं मत विचाराल तर बांगडा, तारली ठेवा. लवकर वाढतात, लवकर अंड्यावर येतात. जून-जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीत मात्र 'ताजा' म्हणून काय विकतात ते नीट बघा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. पाकीट परत पाहिलं. नुसतं 'उत्तर अटलांटिक', आकडा नाही. साधन विचारलं तर पुरवठादार म्हणाला, "एवढं कुणी विचारत नाही." कॉड परत पाठवला. शुक्रवारी बांगडा करणार, आणि पापलेट पट्टी लावूनच घेणार. रत्नागिरी-मालवणकडची कुणी मंडळी गिलनेटची किंवा गळाची मासळी थेट कोल्हापूरला पाठवतात का? आठवड्याला वीसेक किलो लागते.