रॅलीचा तंबू, दोन रात्री: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

नोव्हेंबर लागला की मोटरसायकल क्लबांच्या रॅल्यांचे निरोप फिरायला लागतात. शुक्रवारी संध्याकाळी झीरो माइलला जमायचं, दोन रात्री खिंडसी तलावाच्या काठी, सिल्लारीकडच्या एखाद्या शेतात नाहीतर थेट तामियाला तंबू ठोकायचे आणि रविवारी दुपारी घर गाठायचं. यंदा बरेच जण पहिल्यांदाच तंबू घेऊन निघणार आहेत, म्हणून हा धागा. नावाच्या जागी आपली वस्ती लिहा. अट एकच : "काय मजा आली राव" नको. किती, कुठे, काय तुटतं आणि काहून तुटतं, तेवढं लिहा. प्रवासवर्णनासाठी दुसरी जागा आहे.

मानेवाडा

गाडीपासून सुरू करतो. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका, आठवडाभर आधी करा. सैल राहिलेला नट, नीट न बसलेला ऑइल फिल्टर, चिमटलेली केबल हे सगळं पहिल्या 100-150 किलोमीटरमध्ये बाहेर येतं. ते नागपुरातच बाहेर यावं.

चेनचा ढिलेपणा रिकाम्या गाडीवर मोजून लोक निघतात. मागे 20 किलो सामान आणि माणूस बसला की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर येतो आणि चेन ताणली जाते. म्हणून सामान बांधून, कोणाला तरी बसवून, खालच्या बाजूला मधोमध बोटाने उचलून पाहा. मॅन्युअलमधला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, साधारण 20 ते 30 मिलिमीटर; सामान लादल्यावरही थोडी हालचाल उरलीच पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात ताठ जागा धरा. ताठ चेन आवाज करत नाही, म्हणून लक्षात येत नाही. पण ती पुढच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर जोर टाकते आणि तिथूनच ऑइल गळायला लागतं.

क्लच केबल तुटते ती लिव्हरच्या टोकाशी, शिशाच्या गोळीपाशी. लिव्हर दाबून टॉर्च मारा, एक जरी तार उसवलेली दिसली तरी बदला. नवी केबल डिकीत ठेवू नका. जुन्या केबलच्या बाजूनेच, त्याच मार्गाने ओवून टेपने बांधून ठेवा. तुटली की टाकी न उघडता दोन टोकं जोडायची, 10 मिनिटांचं काम.

आरे असलेल्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे ट्यूबलेसच्या पंक्चरमध्ये भरायची दोरी चालत नाही. ट्यूब बदलताना दुसरी ट्यूब फुटते ती लिव्हरनेच. टायरची शेवटची कड चढत नाही म्हणून जोर लावला जातो आणि ट्यूब चिमटते. कड चढत नसेल तर समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गेलेली नाही, एवढाच अर्थ. तिथे गुडघे टेकवा, शेवटची वीत हातानेच बसते. नवी ट्यूब थोडी हवा भरून, टाल्कम पावडर लावून घाला. आणि त्याआधी टायर आतून फडक्याने पुसा, उघड्या बोटाने चाचपू नका. काटा अजून तिथेच असतो. आपल्याकडे बाभळीचा.

ॲक्सलचा नट सोडवणारा पाना गाडीसोबत आलेल्या किटमध्ये असेलच असं नाही. घरीच लावून बघा.

धरमपेठ

सामान. हुकवाल्या रबरी दोऱ्या स्वस्त पडतात, पण खड्ड्यात सामान उसळतं, हुक सुटतो आणि दोरी मागच्या चाकात जाते. बकलचे पट्टे घ्या, 25 मिलिमीटर रुंद, चार नग. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून गाठ मारा, लोंबतं ठेवू नका.

जड वस्तू खाली आणि सीटजवळ : हत्यारं, पाणी, तंबूचे दांडे. मागच्या कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅग आणि चटई. तिथे 10-12 किलो लटकवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि 80 च्या पुढे हँडल थरथरायला लागतं. लोक मग स्टिअरिंगच्या बेअरिंगला दोष देतात.

सायलेन्सरच्या बाजूची सॅडल बॅग बसवून गाडीवर पूर्ण वजन टाका आणि मग अंतर बघा. चार बोटं तरी हवीत. नायलॉन पेटायच्या आधी वितळतं, आणि तो डाग सायलेन्सरवरून कधीच जात नाही.

मागच्या टायरची हवा सामानासह आणि जोडीदारासह जो आकडा दिला असेल त्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम झाला असेल तर मीटर जास्त दाखवतो आणि आपण कमी भरतो.

कामठी रोड

ताफ्याबद्दल. एका गटात सात गाड्यांपेक्षा जास्त नको. 20 जण असतील तर तीन गट, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. पुढची गाडी एका बाजूला, मागची दुसऱ्या बाजूला अशी तिरकी रांग. तिरक्या गाडीपासून एक सेकंद, सरळ समोरच्या गाडीपासून दोन सेकंद. वळणावर आणि घाटात तिरकी रांग मोडून एकेरी. सिल्लेवानी घाटात हे विसरलं की वळणावरची गाडी समोरच्या ट्रकच्या बाजूला ढकलली जाते.

नवा चालवणारा दुसऱ्या नंबरवर ठेवा. शेवटी ठेवला तर रांग रबरासारखी ताणली जाते आणि शेवटच्याला अंतर भरून काढायला सगळ्यात जोरात पळावं लागतं, म्हणजे सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात वेगात. शेवटी मुरलेला गडी हवा. हत्यारं, हवेचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच, कारण बंद पडलेली गाडी फक्त त्यालाच दिसते. वळणाचा नियम सोपा : आरशात मागची गाडी दिसेपर्यंत रस्ता बदलायचा नाही.

अंधार पडायच्या आत मुक्काम. मनसरच्या पुढे आणि सौंसरच्या पट्ट्यात संध्याकाळी रोही (नीलगायी) रस्त्यावर येतात. मोठा रोही 200 किलोच्या वर भरतो आणि एक गेला की मागून दुसरा येतोच. पहिला दिसला की ब्रेक, हॉर्न नाही. हॉर्नने ते बिचकून उलटे फिरतात.

संभाजीनगर-मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही. नकाशा त्यांना तिकडेच वळवतो.

हिंगणा

आपली काळी माती हा तंबूवाल्याचा खरा शत्रू. पावसाळ्यानंतर ती भेगाळते. भेगेजवळ ठोकलेली खुंटी हाताने निघते. खुंटी 20-25 सेंटिमीटरची, तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोका, आणि ओढून बघा. तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या काड्या मुरमाच्या जागी पहिल्याच घावात वाकतात. तिथे हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे घ्या, वायसर घालून. 12 खिळे, एक हातोडी. हातोडी एकच असते आणि ती नेहमी दुसऱ्याच्या तंबूत असते.

साइड स्टँडसुद्धा याच मातीत रुततो. संध्याकाळी उभी केलेली गाडी पहाटे दव पडून माती मऊ झाली की आडवी होते, आणि शेजारची गाडीही घेऊन जाते. तळहाताएवढी फळी स्टँडखाली. चपटा केलेला डबाही चालतो.

खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर आलेल्या कडेवर दव साचतं आणि वाहत नेमकं तुमच्या पाठीखाली येतं. तलावाच्या अगदी काठावर तंबू लावला तर सकाळी आतून थेंब टपकतात, लोक म्हणतात तंबू गळतो. तो गळत नाही, तुमचाच श्वास आहे तो. दोन्हीकडच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा आणि काठापासून जरा वर, झाडाच्या आडोशाला या. वठलेल्या फांदीखाली मात्र नको.

तंबूवर "तीन माणसं" लिहिलं असेल तर दोन माणसं आणि दोन हेल्मेट असं वाचा.

प्रतापनगर

थंडीला हलक्यात घेऊ नका. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि मोकळ्या शेतात शहरापेक्षा कमीच असतो. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे असतात. "कम्फर्ट" लिहिलेला पाहा. "एक्स्ट्रीम"वाला आकडा जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नाही. आणि बॅगपेक्षा खालची फोमची चटई महत्त्वाची, कारण अंगाखाली दबलेला कापूस ऊब धरत नाही, जमीन सगळं ओढून घेते.

चहासाठी छोटा गॅस नेणाऱ्यांसाठी : बाजारातल्या साध्या डब्यात ब्युटेन असतो. शून्याच्या जवळपास त्याची वाफच होत नाही, आणि 7-8 अंशांतही ज्योत मरगळते. डबा रात्री बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा, सकाळी पहिल्या खटक्यात पेटतो. ज्योतीवर धरून गरम करणारे हुशार लोक दर रॅलीत एकदोन असतात. शेगडी तंबूच्या आत कधीच नाही, पाऊस असला तरी. जीव घेणाऱ्या वायूला वास नसतो.

महाल

जेवणाचं कोणीच लिहिलं नाही अजून! मॅगीवर रॅली काढणाऱ्यांनी हे वाचावं. आपल्याकडे कॅम्पसाठीच जन्माला आलेला पदार्थ आहे, रोडगे. ना तवा लागतो, ना पोळपाट.

बारा जणांचं माप : जाडसर, रवाळ दळलेली कणीक अडीच किलो, मोहनाला पाव लिटर तेल, मीठ, ओवा, चिमूटभर हळद. कणीक घट्ट भिजवायची, पोळीपेक्षा बरीच घट्ट. हातावरच छोट्या पाऱ्या थापायच्या, प्रत्येकीला तेलाचा हात लावायचा आणि चार-पाच एकीवर एक ठेवून सगळ्यात मोठीने बाहेरून गोळा बंद करायचा. मूठभर आकार, त्याहून मोठा केला तर आत कच्चा राहतो.

गोवऱ्या 30-35, कोरड्या ठणठणीत. रचून पेटवा आणि मग हात लावू नका. घाई इथेच नडते. धूर पूर्ण थांबून वरून पांढरी राख धरली की आर, म्हणजे निखारे, तयार. धूर असताना टाकलेल्या रोडग्याला धुरकट वास लागतो आणि जाळावर टाकलेला बाहेरून कोळसा, आत पीठ. आर पसरून गोळे ठेवा, चिमट्याने फिरवत राहा, 10-12 मिनिटांत बाहेरची साल टणक होते. मग खड्ड्यात गरम राख, त्यावर रोडगे, वर पुन्हा राख आणि निखारे. 35-40 मिनिटं विसरून जा. एक काढून टिचकी मारा : पोकळ वाजला की झाला, भद्द वाजला की परत आत. सुती कापडाने राख झटका, मुठीने फोडा. पापुद्रे सुटे दिसले पाहिजेत. वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण.

वांगी तीन किलो धरा. कमी पडतात ती वांगीच.

रविवारच्या तर्री पोह्यांसाठी अर्धा किलो हरभरे शुक्रवारी सकाळी घरी भिजवा, संध्याकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून न्या. पोहे माणशी 100 ग्रॅम.

इतवारी

महालवाल्या भाऊंचं माप बरोबर, फक्त एक. गोवऱ्या पेटवायला टाकीतलं पेट्रोल काढू नका. भडका तर उडतोच, वासही थेट रोडग्यात उतरतो. कापराच्या चार वड्या पुरतात. आणि शेकोटीला शेतातली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) मिळते ती भसाभस जळते, निखारा धरत नाही. तिच्याने पेटवा, वर बाभळीचं लाकूड ठेवा. आजूबाजूचं वाळलं गवत तीन मीटरपर्यंत साफ, बाजूला दोन बादल्या पाणी. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वणव्याचा काळ धरला जातो, तेव्हा जंगलाजवळ शेकोटी नाहीच.

मेडिकल चौक

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा इतका कमी दुखतो की जागही येत नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही दिसलं तर "काल रात्रीची जास्त झाली असेल" म्हणून सोडून देऊ नका. 108 लावा, किंवा प्रतिसर्पविष मिळेल त्या जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळेल त्या गाडीने न्या, चारचाकी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवूनसुद्धा. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही.

तंबूची चेन दिवसाही बंद. बूट उपडे करून आपटा, हेल्मेटसुद्धा. विंचवाला हेल्मेटचा कापूस फार आवडतो.

सदर

मैदानावरच्या खेळांचं थोडं. स्लो रेस शेवटी पोचणारा जिंकतो, पाय टेकला की बाद. सगळे पुढचा ब्रेक दाबून हरतात, हँडल किंचित वळलं असताना पुढचा ब्रेक गाडी आडवीच करतो. पहिला गिअर, एक्सलेटर थोडा वर आणि तिथेच स्थिर, क्लच अर्धा, वेग फक्त मागच्या ब्रेकने. नजर पुढच्या चाकाकडे नको, पट्टीच्या टोकाकडे. दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडी थंड होऊ द्या, क्लचप्लेट जळल्याचा वास आला म्हणजे उशीर झालेला असतो.

रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, तो कायदाच आहे. उभ्या गाडीचा एक्सलेटर पिळत बसणाऱ्यांना पुढच्या वर्षी गाववाले शेत देत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

जरीपटका

खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या तिथे टाकू नका. आणखी काही लिहीत नाही.

मानेवाडा

पुन्हा मीच, परतीचं राहिलं. रविवारी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, ठीक आहे, पण घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गच्चीवर पसरा. दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशीचे काळे ठिपके येतात आणि हळूहळू आतलं पाणी अडवणारं अस्तर चिकट होऊन सुटतं. निघताना चेन, पट्टे आणि दोन्ही ॲक्सल नट पुन्हा एकदा. कच्च्या रस्त्यावर दोन दिवस ये-जा केल्यावर नंबरप्लेटचे आणि आरशाचे स्क्रू हमखास ढिले मिळतात. दुपारच्या जेवणानंतर निघणार असाल तर जेवण अर्धंच करा, कन्हानच्या अलीकडे डोळे मिटतात.