‘सॉलिडॅरिटी’ला मराठीत काय म्हणावे : एकजूट, पाठिंबा, ऐक्यभाव की आणखी काही?

प्रश्न

सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर मित्रराष्ट्रांनी अमेरिकेविषयी घेतलेल्या भूमिकेवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘सॉलिडॅरिटी’ या एकाच शब्दाशी अडलो आहे. ‘अमेरिकेशी एकजूट व्यक्त केली’ असे लिहिले, तर कालपर्यंत दोघांचे बिनसले होते आणि आज समेट झाला, असा भास होतो. ‘पाठिंबा’ लिहिला, तर कशाला पाठिंबा, हा प्रश्न उरतोच. ज्याच्यावर घाला पडला त्याने अजून काही मागितलेलेही नसते. ‘सहानुभूती’ फारच पातळ वाटते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

आपली अडचण अर्थाइतकीच विभक्तीचीही आहे. ‘एकजूट’ मराठीत ‘ची’ किंवा ‘मध्ये’ घेते : कामगारांची एकजूट, गावकऱ्यांमध्ये एकजूट. ती एकाच गटाच्या आतली असते, त्यामुळे ‘अमुक देशाशी एकजूट’ ही रचना कानाला खटकते. ‘पाठिंबा’ मागणीला, ठरावाला किंवा उमेदवाराला दिला जातो. दुःखाला पाठिंबा कोणी देत नाही. ‘पाठीशी उभे राहणे’ हा प्रयोग अस्सल आहे, पण त्यात पाठीशी उभा राहणारा बहुधा वडीलधारा किंवा बळकट असतो, त्यामुळे लहानसा देश महासत्तेच्या पाठीशी उभा राहिला असे वाचताना किंचित हसू येते.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हल्ल्याच्याच दिवशी आपण अमेरिकी मित्रांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत असे म्हटले होते. हा वाक्प्रचार मराठीत तयार आहे आणि त्यात बरोबरीही आहे. मात्र मराठीत खांद्याला खांदा लावून लोक लढतात किंवा काम करतात; नुसते उभे राहत नाहीत.

प्रतिसाद २

शब्दाचे मूळ पाहिले तर गुंता थोडा सुटेल. रोमन कायद्यात अनेकांनी मिळून घेतलेल्या कर्जाची संपूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून वसूल करता येत असे. त्या ‘संपूर्ण’साठीच्या लॅटिन संज्ञेतून, म्हणजे ‘इन सॉलिडम’मधून, फ्रेंच शब्द आला. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत ‘सॉलिदारिते’ आहे ती याच अर्थाने, आणि तिथे असेही म्हटले आहे की ती गृहीत धरली जात नाही, स्पष्ट शब्दांत ठरवावी लागते. भावनेचा अर्थ पुढे चिकटला. आपल्याकडे या कल्पनेला सर्वांत जवळचा शब्द ‘ऐक्य’ नसून ‘जामीन’ आहे : एकाने बुडवले तर दुसऱ्याने भरायचे.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या नाटो कराराचे पाचवे कलम अगदी याच साच्याचे आहे. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असे ते म्हणते. ते पहिल्यांदा लागू झाले १२ सप्टेंबर २००१ रोजी, तेही ‘हल्ला परदेशातून झाल्याचे सिद्ध झाल्यास’ या अटीवर. ती अट पुरी झाल्याचे २ ऑक्टोबरला जाहीर झाले. अर्थात कलमातली पळवाटही लक्षात घ्यावी : प्रत्येक सदस्याने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे. जामीन खरा, पण किती रक्कम भरायची हे जामीनदारानेच ठरवायचे! प्रत्यक्षात नाटोची टेहळणी विमाने मे २००२ पर्यंत अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती.

प्रश्नकर्ता

‘जामीन’ मनाला पटले, पण लेखात ते शब्दशः वापरता येणार नाही. ‘ऐक्यभाव’ कसा वाटतो? शिवाय त्याच लेखात फ्रान्सच्या ‘ल मोंद’ दैनिकाचा १३ सप्टेंबर २००१ चा प्रसिद्ध मथळा आहे, त्याचा मी ‘आम्ही सारे अमेरिकन आहोत’ असा अनुवाद केला आहे.

प्रतिसाद १

तो मथळा बदलावा असे मला वाटते. फ्रेंचमध्ये ‘नू’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, म्हणजे ते वाक्य अमेरिकनांना उद्देशून ठरते. अग्रलेख फ्रेंच वाचकांसाठी लिहिलेला होता, तेव्हा ‘आपण सारे अमेरिकन आहोत’ हेच बरोबर. शिवाय मराठी अग्रलेखातला ‘आम्ही’ म्हणजे खुद्द संपादक, त्यामुळे आपल्या अनुवादात केवळ संपादक मंडळच अमेरिकन झाल्यासारखे वाटते.

‘ऐक्यभाव’ औपचारिक निवेदनात चालेल, कारण तो ‘विषयी’ सहज घेतो : अमेरिकेविषयी ऐक्यभाव. मात्र त्यात केवळ भाव आहे, बांधिलकी नाही.

प्रतिसाद २

भाव आणि बांधिलकी यांतला हा फरक युरोपीय संघानेही केला आहे. संघाच्या करारांत दहशतवादी हल्ल्यासाठी ‘सॉलिडॅरिटी’ नावाचेच कलम आहे, क्रमांक २२२. पण १३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांत १३० जण मारले गेल्यावर फ्रान्सने ते बाजूला ठेवले आणि १७ नोव्हेंबरला सदस्यांनी एकमेकांना साहाय्य करण्याचे बंधन घालणारे दुसरे कलम, ४२(७), पुढे केले. त्याच संध्याकाळी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड-फ्रान्स फुटबॉल सामन्याआधी इंग्लिश प्रेक्षक फ्रान्सचे राष्ट्रगीत गात होते. तो निखळ ऐक्यभाव. जर्मन संसदेने ४ डिसेंबरला फ्रान्सच्या मदतीसाठी टेहळणी विमाने आणि युद्धनौका पाठवण्यास मंजुरी दिली, तिला मात्र मी ‘साथ’ म्हणेन. ‘साथ देणे’ यात सोबतही आहे आणि कृतीही.

प्रश्नकर्ता

मग एकाच शब्दाचा हट्ट सोडतो. शोकसंदेशांच्या परिच्छेदात ‘ऐक्यभाव’ ठेवतो, सैन्य आणि विमानांच्या परिच्छेदात ‘साथ’ लिहितो, आणि पाचव्या कलमाच्या वाक्यात नाम टाळून ‘अमेरिकेवरील हल्ला हा आपल्यावरीलच हल्ला मानत असल्याचे मित्रराष्ट्रांनी जाहीर केले’ असे करतो. ‘दोस्त राष्ट्रे’ मुद्दाम टाळले आहे. ते वाचले की मराठी वाचक थेट दुसऱ्या महायुद्धात पोहोचतो.