अ‍ॅक्टिनचे तंतू पेशीला पुढे कसे ढकलतात?

प्रश्न: अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे पेशीतील तंतू जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे असतात. मग पांढरी रक्तपेशी नेमकी कशाच्या बळावर सरपटते?

उत्तर 1: मुख्यतः तंतूंच्या वाढीच्या बळावर. पेशीच्या पुढच्या कडेशी एआरपी 2/3 हे प्रथिनसंकुल जुन्या तंतूवर सुमारे 70 अंशांच्या कोनात नवी फांदी सुरू करते. तेथील पटल (पेशीचे बाहेरचे आवरण) उष्णतेमुळे सतत थरथरत असते, आणि ते क्षणभर पुढे सरकले, की मधल्या फटीत अ‍ॅक्टिनचा नवा रेणू बसून पटलाची माघारी येण्याची वाट अडवतो.

उत्तर 2: हे बरोबर असले तरी अपुरे आहे. पटलही तंतूंना उलट रेटते, त्यामुळे सपाट पृष्ठभागावर इंटेग्रिन प्रथिनांची पकड नसेल, तर तंतूंचे जाळे नुसतेच मागे घसरत राहते. मागचा भाग मायोसिन या, तंतूंना खेचणाऱ्या प्रथिनामुळे होणाऱ्या आकुंचनाने ओढला जातो.

प्रश्नकर्ता: मायोसिनविना हालचाल अशक्यच का?

उत्तर 1: मुळीच नाही. लिस्टेरिया जीवाणू यजमान पेशीत अ‍ॅक्टिनची शेपटी उभारून मायोसिनविनाच पुढे सरकतो. 1999 साली तर ही गती शुद्ध केलेल्या मोजक्या प्रथिनांच्या मिश्रणातही घडवून दाखवण्यात आली, आणि माझ्या मते वाढीच्या बळाचा याहून नेटका पुरावा नाही.