पहिलटकरीण मांजर, पिल्लं किती होतील? (शनिवार पेठ, सातारा)

माळ्यावरची
आमच्या वाड्यात वर्षभरापूर्वी एक तिरंगी मांजर आली आणि राहिली. नाव ठमी. होळीच्या पुढच्या आठवड्यात चार-पाच दिवस घसा फाडून ओरडत होती, मग दोन रात्री गायब. आता मेचा दुसरा आठवडा संपतोय, पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, सड गुलाबी झालेत. जिन्याखाली, ट्रंकेत, माझ्या साड्यांच्या कपाटात जागा हुंगत फिरते. पिल्लं साधारण किती होतात? तयारी काय ठेवू? आणि साताऱ्यात रात्री-बेरात्री मांजर बघणारा डॉक्टर कसा शोधायचा? सासूबाई म्हणतात, "मांजरीचं बाळंतपण कुणी करतं का? सकाळी उठून बघायचं, झालेली असते." पटतंय, पण झोप लागत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
तीन ते पाच धरा. पहिल्या वेताला दोन-तीनवरही भागतं. आमच्या मनीला पहिल्या खेपेला दोन, दुसऱ्या खेपेला सहा. २०१९च्या पुरात ती चार दिवसांची बाळंतीण होती. आम्ही सामान वर हलवायच्या आत तिनेच एकेक पिल्लू मानेला धरून वरच्या मजल्यावर नेलं. आम्ही मात्र फ्रीज वाचवायच्या नादात होतो.
जागेचं म्हणाल तर खोका आडवा ठेवा, कडा इतकीच उंच की ती सहज आत जाईल पण पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. आत जुनं सुती लुगडं. टर्किश टॉवेल नको, पिल्लांची नखं त्याच्या धाग्यात अडकतात. आंब्याची पेटी वापरणार असाल तर खिळे बघून घ्या.

बोकेवाला
विक्रम १९चा आहे ताई! १९७० साली इंग्लंडमधल्या एका बर्मीज मांजरीला सिझेरियन करून एकोणीस पिल्लं झाली, त्यातली चार मेलेली होती. सड आठ आणि तोंडं पंधरा. म्हणून खोका जरा मोठाच घ्या 😄

माळ्यावरची
बोकेवाला, कृपा करून सासूबाईंना हे वाचून दाखवू नका.

जुना_पर्यवेक्षक
माझी नोकरी गाई-म्हशीत गेली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. मांजरं निवृत्तीनंतर घरात शिरली. थोडं सविस्तर लिहितो.
मांजर त्रेसष्ट ते पासष्ट दिवस गाभण राहते, दोन-चार दिवस इकडे-तिकडे. तुमच्या हिशेबाने आज पंचावन्नच्या आसपास झाले. या वेळी पोटाचा एक्स-रे काढला तर पिल्लांच्या कवट्या आणि मणके मोजता येतात. सोनोग्राफीने गाभण आहे हे फार आधी कळतं, पण आकडा चुकतो. मी गावाकडे कुणाला एक्स-रे सांगितला की हसतात. पण आकडा हौसेसाठी नको असतो. बाळंतपण संपलं की आत एखादं राहिलंय, हे कळायला तोच उपयोगी पडतो.
व्यायच्या आधीच्या दिवसात खाणं टाकते आणि अंगाचं तापमान एरवीच्या १०१-१०२ फॅरनहाइटवरून १००च्या खाली येतं. मग अस्वस्थ होते, खोका उकरते, घुरघुरते. हे पहिलटकरणीत अर्धा-पाऊण दिवस चालू शकतं. जोराच्या कळा सुरू झाल्या की वीस-तीस मिनिटांत पिल्लू यायला हवं. पुढची पिल्लं दहा मिनिटांनी, तासाने, कशीही येतात. मागचे पाय आधी आले तर घाबरू नका, मांजरात ते नेहमीचं आहे. गाईत वासरू उलटं आलं की आमची धावपळ व्हायची, तसं इथे नसतं. प्रत्येक पिल्लामागे एक वार, म्हणजे नाळेला जोडलेला मांसल गोळा, पडते. ती खाऊन टाकते, खाऊ द्या, पण मोजा.
डॉक्टरकडे कधी न्यायचं तेही सांगतो. अर्धा तास जोर लावतेय आणि काही येत नाही. पिल्लू दारात अडकलंय. घाण वास किंवा भळभळ लाल रक्त. आणि कुणी काहीही सांगो, कळांचं इंजेक्शन घरी टोचून घेऊ नका. पिल्लू आडवं असेल तर गर्भपिशवी फाटते.

अंजू_कराड
डॉक्टर शोधताना आजच फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री उचलाल का, मांजरीचं सिझेरियन तुमच्याकडे होतं का, नसेल तर कुठे पाठवाल. मी हे विचारलं नव्हतं. रात्री दोनला चार फोन केले, चारही बंद. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या वेळाही आधीच विचारून ठेवा. पण साताऱ्याहून मध्ये खंबाटकी घाट आहे हे विसरू नका.
खोलीत फिनाईलने पुसू नका, मांजरीला बाधतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, विष आहे ते तिला. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नको.

माळ्यावरची
एक्स-रे काढला. चार! सासूबाई म्हणाल्या, "माणसाच्या बाळंतपणाला आमच्या वेळी एवढं नव्हतं." पण फोटो उजेडात धरून मणके त्यांनीच मोजले.
त्यांचं अजून एक म्हणणं: हात लावला तर ती पिल्लांना टाकेल, आणि नाहीतरी सात घरं फिरवेलच.

कृष्णाकाठ, सांगली
ओळखीच्या हाताला सहसा काही म्हणत नाही. पाहुणे आणि पोरं मात्र दूर ठेवा. घरं फिरवते कारण जागेला वास लागतो, बोका हुंगायला येतो, माणसं डोकावतात. आमच्या मनीने तीनच फिरवली, बहुतेक बाकीची भाड्याने मिळाली नाहीत.

माळ्यावरची (रात्री १:५०)
वळीव कोसळतोय, लाइट गेलीय, मी बॅटरी तोंडात धरून टाइप करतेय. साडेअकराला पहिलं, पिवळं. बाराला काळं. पाऊणला तिरंगी, तेही पाय आधी. तिन्ही लुचतायत. तीन वारी मोजल्या. पण तासभर काही नाही. चौथं कुठाय?

जुना_पर्यवेक्षक
ताई, ती काय करतेय ते सांगा. जोर लावतेय का? पाणी प्यायली का?

माळ्यावरची
नाही, आडवी पडून पिल्लं चाटतेय, गुरगुरतेय. भाकरी दुधात कुस्करून दिली ती संपवली.

जुना_पर्यवेक्षक
मग थांबा. मांजर मध्येच बाळंतपण थांबवते, पिल्लांना पाजते, झोपते आणि बारा-चोवीस तासांनी उरलेलं काढते. गाई-म्हशीत असं असतं तर आम्हाला झोप मिळाली असती. एक्स-रे नसता तर तुम्ही "झाली तिघांची" म्हणून निजला असता. सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगून ठेवा. परत कळा येऊन अर्ध्या तासात काही आलं नाही, किंवा ती मलूल पडली, तर उशीर नको. तिन्हींच्या पोटात चीक जातोय ना, एवढं बघा, पहिल्या दिवसाचा फार मोलाचा. आणि गारठा झालाय तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवा. पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही.

माळ्यावरची (दुपारी १२:२०)
चौथं आलं! सकाळी डॉक्टर म्हणाले, बारापर्यंत बघू. बाराला दहा कमी असताना ती उठली, दोन कळा दिल्या आणि झालं. पांढरं, इवलंसं. किचनच्या काट्यावर ७२ ग्रॅम, बाकीची ९५ ते १०५. ठमी त्याला चाटून परत लवंडली.

अंजू_कराड
रोज एकाच वेळी वजन घ्या. दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं. पांढऱ्याला मागच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. गाईचं दूध पाजू नका, जुलाब होतात. लागलं तर पिल्लांची दूध पावडर मिळते.

माळ्यावरची (अकराव्या दिवशी)
पांढरं तिसऱ्या दिवशी गेलं. वजन वाढतच नव्हतं, पावडरही दिली. सासूबाईंनी फुलांच्या ताटलीत ठेवून परसात पेरूखाली पुरलं, मला हात लावू दिला नाही. बाकी तिघं दणकट, पिवळ्याचे डोळे काल उघडले, १९० ग्रॅम. ठमी अजून एकाच घरात आहे.
सासूबाईंना नवीन शंका: एक पिवळं, एक काळं, एक तिरंगी, बाप नक्की कोणता?

बोकेवाला
तिरंगी आईला एका बोक्यापासूनही असे रंग होतात. पण दोन बाप असूही शकतात. मांजरीत मिलन झाल्यावरच अंडी सुटतात, त्या दिवसांत दोन-तीन बोके भेटले तर एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं निघतात. तिरंगी मात्र जवळपास नक्की मादी, ती हवी असल्यास मी रांगेत. गोडोलीत राहतो.

जुना_पर्यवेक्षक
अजून महिनाभर ठमीवर लक्ष ठेवा. दूध भरात असताना अंगातला कॅल्शियम उतरला तर ती ताठते, थरथरते, तेव्हा लगेच दवाखाना. आणि पिल्लं अंगावर असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. आठ आठवड्यांनी दूध तुटलं की नसबंदी करून घ्या, तोवर संध्याकाळचं दार लावत जा.

माळ्यावरची
वाड्याला दारं सात आहेत काका. लावते. बोकेवाला, तिरंगी तुमची, पण आठ आठवड्यांनी, आणि येताना सासूबाईंसाठी कंदी पेढे आणा. त्यांनी आधीच तिचं नाव ठेवलंय, ते बदलायचं नाही: लाडूबाई.