राज्यशास्त्र शिकतोय, म्हणून लिहितोय. तुम्हाला राजकारण पहिल्यांदा कुठे भेटलं?

परभणीकर:
नमस्कार. वय 23, एमए राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. "म्हणजे एमपीएससी का?" नाही, एमपीएससी नाही. (मामांनी अजून आशा सोडलेली नाही.)

लिहायला लागलो ते एका रजिस्टरमुळे. बीएच्या शेवटच्या वर्षी ओसरीवर बसून 73व्या घटनादुरुस्तीचं उत्तर पाठ करत होतो: 24 एप्रिल 1993 पासून अंमल, ग्रामसभेला घटनात्मक दर्जा, विकेंद्रीकरण वगैरे. तेवढ्यात पंचायतीचा शिपाई काखेत रजिस्टर मारून आला. आई भाकरी थापत होती. त्याने पान उघडून धरलं, आईने पदराला हात पुसल्यासारखा केला आणि सही ठोकली. सहीशेजारी पिठाचं बोट उमटलं. जिला ती "उपस्थित" होती, ती ग्रामसभा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली. विषय काय होते विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाव? सही मागितली, दिली."

परीक्षेत मार्क बरे पडले. पिठाचं बोट कुठल्या मुद्द्याखाली लिहायचं ते मात्र कळलं नाही. तेव्हापासून असलंच वहीत टिपतोय. पण एकट्याचं गाव किती पुरणार? तुमचं सांगा. पक्ष, नेते, कोण निवडून येणार हे नको, त्याला चावड्या पुष्कळ आहेत.

माजी ग्रामसेवक:
असलं रजिस्टर मीही फिरवलंय, तेव्हा मान खाली घालून लिहितो. कोरम म्हणजे ग्रामसभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला तेवढी माणसं असतात, जिलेबी संपेपर्यंत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही! म्हणजे सह्यांसाठी दारोदार फिरायची गरजही नव्हती. पण कागदावर गर्दी दिसली की वरून कुणी विचारत नाही, एवढंच गणित. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची असते, ती माझ्या काळात बहुतेक वेळा चुलीपाशीच झाली. तुझ्या आईची सही त्यातलीच असणार.

सरपंचाची लेक:
आमच्याकडे पाटी आईची, खुर्ची बाबांची. 2011 ला पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांना झाल्या, पुढच्याच निवडणुकीत आमचं गाव राखीव निघालं. लोक बाबांनाच "सरपंच" म्हणायचे आणि आई चहा आणायची, स्वतःच्याच बैठकीला. एकदा तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी बाबांना बाहेर बसवलं. संध्याकाळी घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न टाकला, "टाकीचे पैसे मार्चातच आले होते, मला का नाही सांगितलं?" त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. मी आठवीत होते. पुढे मीही राज्यशास्त्रच घेतलं.

मास्तरीण:
आम्हा शिक्षकांना निवडणूक म्हणजे ड्यूटी. पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी: किमान 50 मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे दोन एजंट, आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांविरुद्ध घोषणा देत होते म्हणे. दुपारी बघते तर एकाच डब्यातली मेथी खातायत. साडू निघाले.

पेडण्याची:
आमचं गोव्याचं. 16 जानेवारी 1967, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आजोबा कट्टर विलीनीकरणवाले, मराठी शाळेत मास्तर. त्यांनी दारावर गेरूने फूल रंगवलं होतं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. आजोबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत म्हणतात. ज्या आजीने त्यांना त्या दोन दिवसांत पेज भरवली, तिचं मत दोन पानांना होतं.

परभणीकर:
ताई, वहीत उतरवून घेतलं. मास्तरीणबाई, साडूसुद्धा. पण आजीने आजोबांना हे कधी सांगितलं?

पेडण्याची:
त्यांना नाहीच सांगितलं. आम्हाला सांगितलं, ते गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.