वाहत गेले म्हणे! (तर्कटरावांच्या कालच्या प्रतिसादाला उत्तर)

पश्चिमवारा
पॉलिनेशियन लोक प्रशांत महासागरातल्या दूरदूरच्या बेटांवर कसे पोचले, यावर काल ताहिती बेटाच्या फोटोंखाली तर्कटरावांनी पिंक टाकली: ‘वादळात होड्या भरकटल्या, काही बेटांना लागल्या, बाकीच्या बुडाल्या. वाचले त्यांना आता थोर दर्यावर्दी म्हणायचं.’ खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

साहेब, ही कल्पना शिळी आहे. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्पने तेच लिहिलं होतं की साधारण ५०० किमीच्या पुढे ठरवून जाणं-येणं या लोकांना शक्य नव्हतं. मग १९७३ मध्ये लेव्हिसन, वॉर्ड आणि वेब यांनी वारे-प्रवाहांच्या नोंदी संगणकात घातल्या आणि हजारो होड्या नुसत्या वाहू दिल्या. हवाई, न्यूझीलंड, ईस्टर बेट, तिन्हीकडे वाहत पोचण्याची शक्यता जवळपास शून्य निघाली. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, वस्ती सरकली पूर्वेकडे. वाऱ्याच्या तोंडावर कोण भरकटतं हो? आणि या लोकांनी सोबत बायकापोरं, डुकरं, कोंबड्या, अळूचे कंद, नीरफणसाची रोपं नेली. मासे मारायला जाताना कोंबडी कोण घेतं?

१९७६ मध्ये माउ पियाइलुग या नाविकाने ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. १ मेला हवाईतलं माउई बेट सोडलं, ४ जूनला ताहितीचं पपीते बंदर. सुमारे ४,००० किमी, बोटीवर होकायंत्रसुद्धा नाही. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा.

तर्कटराव
निबंध छान. आता तुम्ही गाळलेलं मी भरतो. होकुलेआ प्लायवूड आणि फायबरग्लासची होती. मागून एक सोबतीची बोट येत होती. आणि तुमचा माउ पॉलिनेशियन नव्हताच, तो मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा! हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता म्हणून बाहेरून माणूस आणावा लागला. पुढे १९८० मध्ये हवाईच्याच नैनोआ थॉम्पसनने होडी नेली, त्याने आकाशाचा अभ्यास कुठे केला? होनोलुलूच्या तारांगणात, खुर्चीत बसून. १९७६ मध्ये एखादी गोष्ट जमली याचा अर्थ ती १२०० मध्ये घडली असा होत नाही. ‘शक्य आहे’ आणि ‘असंच झालं’ यातला फरक शाळेत शिकवतात.

पश्चिमवारा
सोबतीची बोट माउला जागा सांगत नव्हती, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि तुपाइयाचं काय? १७६९ मध्ये ताहितीजवळच्या रायतेआ बेटाचा हा माणूस कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला, तेव्हा प्लायवूड नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून ७४ बेटांचा नकाशा झाला. जहाज कितीही वळणं घेवो, तो ताहितीची दिशा बोटाने दाखवायचा.

तर्कटराव
त्या नकाशातली बेटं भलत्याच दिशांना आहेत.

पश्चिमवारा
युरोपी पद्धतीने उत्तर वर धरलीत तर असणारच. पॉट्सडॅम विद्यापीठाच्या दोघा अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलंय की त्यात उत्तर नकाशाच्या मधोमध आहे. तसा वाचला की बराच जुळतो.

तर्कटराव
म्हणजे जुळेपर्यंत फिरवायचा. चालू द्या.

सेक्स्टंटकाका
मर्चंट नेव्हीत हयात गेली, म्हणून मध्ये तोंड घालतो. आजची पोरं स्क्रीन बंद पडली की कॅप्टनला उठवतात. आमच्या वेळी रोज पहाटे सेक्स्टंटने (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र) तारे घ्यावे लागत, नाही घेतले तर चीफ ऑफिसर सोलून काढायचा. असो.

मुद्दा अक्षांशाचा. हवाईवरून स्वातीचा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो, ताहितीवरून व्याध. दक्षिणेकडचा त्रिशंकू तारकासमूह उभा असताना त्याच्या वरच्या-खालच्या ताऱ्यांतलं अंतर आणि खालच्या ताऱ्याचं क्षितिजापासूनचं अंतर सारखं दिसलं, की तुम्ही हवाईच्या अक्षांशावर आहात. दोन्ही सहा-सहा अंश. याला कुठलं यंत्र लागतं?

रेखांश त्यांना मोजता येत नव्हता, तर्कटराव इथे उड्या मारतील. पण ते थेट बेटावर नेम धरतच नव्हते. मुद्दाम वारा जिकडून येतो त्या बाजूला राहायचं, अक्षांश गाठायचा, मग वारा पाठीवर घेऊन उतरायचं. आणि बेट दिसण्याआधी पक्षी दिसतात, ढग अडलेला दिसतो, खाजणावरच्या ढगाचं पोट हिरवट दिसतं. होकुलेआसुद्धा आधी तुआमोतू बेटसमूहातल्या माताइव्हा बेटाला लागली, मग ताहिती.

तर्कटराव
आणि सलग चार रात्री ढगाळ असेल तर?

सेक्स्टंटकाका
तर लाटा. लांबून येणारी मोठी लाट दिवसचे दिवस दिशा सोडत नाही. माउ आत आडवा पडून होडीच्या डुलण्यावरून ती ओळखायचा. तुम्ही बोटीत बसलात की काय करता, उलट्या?

तर्कटराव
व्यक्तिगत होऊ नका. मांडवा-गेटवे कैकदा केलंय.

तांडेलाचो_नातू
हसून घेतलं. माझे आजे तांडेल (होडीचे प्रमुख) होते, सिंधुदुर्गात. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की जाळं टाकायचे. रात्री तारा, पहाटे मतलई (जमिनीवरून येणारा वारा). शिशाचं वजन दोरीने सोडून तळाची माती बघायचे. विद्यापीठातून एकही माणूस लिहून घ्यायला आला नाही. हवाईवाल्यांनी निदान परक्या बेटावरून माउ आणला, आम्ही घरचे म्हातारे जाळले. आणि आता तारे बघून करणार काय? मासे ओढायला एलईडीचे झगझगीत दिवे लावून समुद्रात दिवाळी चालते. केंद्राची बंदी २०१७ पासून आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभे राहा, क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसतं. बांगडा पिल्लासकट उचलतात.

बंदरवाला
आला, पारंपरिकवाला आला. पर्ससीनचं (मोठ्या घेरजाळ्याच्या बोटीचं) कर्ज कोण फेडणार, तुमचा आजा? शेजारच्या राज्यांच्या बोटी येऊन लुटून नेतात, त्यांना कोणी अडवत नाही.

तांडेलाचो_नातू
एलईडीवाला बोलतोय ते कळलं. डिझेल परताव्याच्या रांगेत मात्र तुम्हीच ‘गरीब मच्छीमार’ असता.

बंदरवाला
तोंड सांभाळून. माझा बाप डोल जाळ्याच्या होडीवर मेला. जाळी रिकामी यायला लागली म्हणून मोठी बोट घेतली, हौस नव्हती. तारे बघून पोट भरत असेल तर तुम्ही तरी जीपीएस काढून टाका की.

तांडेलाचो_नातू
काढत नाही. पण तो बंद पडला तर मला बंदर सापडतं. तुम्हाला?

बंदरवाला
मला दुसरा जीपीएस सापडतो. दोन ठेवतो.

वेलिंग्टनकर
एलईडीवरून जरा प्रशांत महासागरात येऊ या का? मी राहते न्यूझीलंडमध्ये. इथे माणसं साधारण १३व्या शतकात आली, रताळं घेऊन. रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये जनुकांचा अभ्यास आला: १२००च्या सुमारास पॉलिनेशियन आणि अमेरिकन मूलनिवासी यांची भेट झाली होती.

तर्कटराव
झालं! म्हणजे तो नॉर्वेचा हायरडाल बरोबर होता. १९४७, त्याचा तराफा ‘कॉन-टिकी’, पेरूहून पॉलिनेशियातलं रारोइया बेट, १०१ दिवस, नुसत्या तराफ्यावर. *वाहत*.

वेलिंग्टनकर
त्या तराफ्याला आधी टगबोटीने किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटर ओढत नेलं होतं, दादा. आणि पॉलिनेशियन दक्षिण अमेरिकेतून आले हे त्याचं मुख्य म्हणणं भाषा, भांडी, जनुकं सगळ्यांनी खोडून काढलंय. भेट झाली, एवढंच खरं. कोण कोणाकडे गेलं त्यावर अजून वाद आहे.

तर्कटराव
ठीक. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट तुम्हाला दिलं, काकांच्या त्रिशंकूसाठी. जवळजवळच्या बेटांवर काही होड्या भरकटून लागल्या असतील, ते माझं. आणि बुडालेल्यांची मोजदाद कोणाकडेच नाही, हे लिहून ठेवा.

पश्चिमवारा
बुडाले असतीलच. १९७८ मध्ये खुद्द होकुलेआ उलटली, मदत आणायला सर्फबोर्डवरून गेलेला एडी आयकाऊ परत आला नाही. म्हणून विद्या खोटी ठरते का? आणि ही बेटं ‘देणारे’ तुम्ही कोण?

तर्कटराव
घ्यायची नसतील तर राहू द्या. एलईडीचा वेगळा धागा काढा बुवा, इथे माशांचा वास मारतोय.

तांडेलाचो_नातू
काढतो उद्या. पहिला प्रतिसाद तुमचाच असेल, न वाचता.